गेटाखालची फट

काल सकाळी मी गेटाजवळ पालथा पडलो होतो. गाल मातीला टेकलेला, एक डोळा मिटलेला, मूठ फटीत. तेवढ्यात भिंतीवरून शेजारच्या काकांचा आवाज आला, "काय हो, चक्कर आली का?"

चक्कर नव्हती आली. घरात कुत्र्याचं पिल्लू आलंय. पिल्लाचं डोकं जिथून जातं तिथून बाकीचं पिल्लूही जातं, म्हणून फट मापत होतो. हे सगळं मी झोपूनच सांगितलं.

"मग पिल्लाचंच डोकं घालून बघा की!"

"अहो काका, ते निघून जाईल ना."

"गेलं म्हणजे कळलंच, फट मोठी आहे."

मी उठलो, कपडे झटकले आणि जाळीकडे वळलो. काका हलले नाहीत. त्यांना सकाळी दुसरं काही काम नसतं, आणि माझं काम बघायला ते चहाचा कप घेऊनच येतात.

"ही जाळी कशाला पुरताय?"

"कुत्री कुंपणाखालून उकरतात. म्हणून जाळी खाली काटकोनात आतल्या बाजूला वाकवायची आणि फूटभर मातीखाली सपाट पसरायची. कुंपणालगत उकरायला लागलं की पंजे जाळीला लागतात."

"म्हणजे कुत्र्यानं बाहेर जायचं नाही."

"नाही."

"आणि कुत्रा पाळायचा कशाला, तर चोरानं आत यायचं नाही."

"तसंच समजा."

"हा जाणार नाही, तो येणार नाही. मग गेट ठेवलंय कुणासाठी? भिंतच घाला ना सरळ."

त्यांनी चहाचा घोट घेतला. मला अजूनही यावर चांगलं उत्तर सुचलेलं नाही, आणि त्याचाच जास्त राग आहे.

मग त्यांना कण्हेरीचा खड्डा दिसला. "अरेरे! फुललेलं झाड काढलंत?"

"विषारी असते काका. मुळापासून पाकळीपर्यंत सगळी. कुत्र्यानं पानं चघळली तरी हृदयाचे ठोके बिघडतात."

"काहीतरीच. आमचा जन्म गेला कण्हेरीशेजारी. काय झालं आम्हाला?"

"तुम्ही चघळली नाहीत."

हे त्यांना लागलं. लागू दे.

खरं तर काकांवर चिडून काय उपयोग? दाराशी शोभेला लावायचा तो सायकस घ्या. कुत्र्याच्या पोटात गेला तर यकृत निकामी करतो, त्यातही बिया सगळ्यांत वाईट. मला विकणाऱ्यानं "पाणी कमी घाला" एवढंच सांगितलं होतं. एरंडीची पेंड झाडांना उत्तम, पण तिच्यात रिसिन नावाचं विष राहिलेलं असू शकतं, आणि सोबत हाडांचा चुरा मिसळला की कुत्र्याला वाटतं, जेवण वाढलंय. गोगलगायी मारायच्या गोळ्यांत मेटाल्डिहाइड असलं तर कुत्र्याला झटके येतात. माझ्याकडच्या पेंडीच्या पोत्यावर कुंडीला किती मुठी घालायच्या ते ठळक छापलंय. कुत्र्याचं नावही नाही. सगळं आपणच शोधायचं, आणि शोधलं की लोक म्हणणार, फार लाड करता हो.

तर गेटाला खालून फळी ठोकली, टाकीवर झाकण बसवलं, गोळ्या कपाटात वर गेल्या. कंपोस्टच्या डब्यालाही कडी लावली. बुरशी धरलेलं अन्न पिल्लाच्या पोटात गेलं तर अंग थरथरायला लागतं, आणि नेमका तोच वास त्याला सगळ्यांत आवडतो.

आणि आज सकाळी माझ्या अंगणात, भिंतीलगत, कण्हेरीच्या छाटलेल्या फांद्या पडलेल्या. काकांनी त्यांची कण्हेर छाटली होती. ही पानं वाळली तरी विष जात नाही, म्हणून पिल्लाला आत कोंडून मी एकेक पान वेचायला बसलो. भिंतीवर कप दिसला.

"मुद्दाम टाकल्यात," काका म्हणाले. "तुमची जागा फार भुंडी दिसते हो. जाड बघून दोन खोचा, लगेच फुटतात."