गोवा दलदल नव्हता: आमच्या ग्रुपवरच्या मेसेजला उत्तर

परवा पुण्याहून भाचीचा फोन आला. आठवीत आहे. शाळेत 'किनारपट्टीवरचं एक राज्य' असा प्रकल्प दिलाय आणि तिनं गोवा घेतलाय. मोठ्या हौसेनं तिनं पहिलं पान वाचून दाखवलं, "पोर्तुगीज येण्यापूर्वी गोवा ही ओसाड दलदल होती. डास आणि मासेमारांच्या चार झोपड्या, एवढंच तिथे होतं."

कुठून घेतलंस, असं विचारलं तर म्हणाली, "मावशी, आपल्या फॅमिली ग्रुपवर मामानंच टाकलंय की."

मामा म्हणजे माझा दादा. तो मेसेज मला आतापर्यंत तीन वेळा आलाय. दोनदा मी न बोलता पुढे गेले, ती माझी चूक झाली. आता तो पोरीच्या वहीत उतरलाय. माझं आजोळ डिचोलीचं, आमचा कुलदेव मंगेश, आणि घरातली मुलगी हे लिहिणार असेल तर गप्प बसणं मला जमणार नाही.

ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मेसेज म्हणतो: एक, पोर्तुगीजांआधी गोवा ओसाड दलदल होता. दोन, अख्ख्या गोव्यावर त्यांनी ४५१ वर्षं राज्य केलं. तीन, १९६१ पूर्वी गोवा श्रीमंत होता, भारतात येऊन गरीब झाला आणि आता फक्त पर्यटकांवर जगतो. चार, सगळ्यांना एकच कायदा ही पोर्तुगीजांची देणगी. पाच, गोवेकरांना कोणी काही विचारलंच नाही.

दलदलीपासून सुरुवात करते, कारण माझा सगळा संताप तिथेच आहे.

आधी गावांची नावं बघा. पणजी ज्या तालुक्यात येते तो तिसवाडी, म्हणजे तीस वाड्या. मडगावचा भाग साष्टी, सासष्ट गावांवरून. उत्तरेला बारदेस, बारा देशांचा. ही नावं लिस्बनहून आलेली नाहीत. ती गावं मोजून पडलेली नावं आहेत. चार झोपड्या असलेल्या ठिकाणाला सासष्टचा आकडा कशाला चिकटेल?

बरं, नावांवर विश्वास नसेल तर खुद्द पोर्तुगीजांचा कागद घ्या. १५१० मध्ये आफोंसो द आल्बुकेर्कनं विजापूरच्या आदिलशहाकडून तिसवाडी घेतली. त्याच वर्षी त्यानं ती एकदा घेतली, गमावली आणि २५ नोव्हेंबरला पुन्हा जिंकली. घोड्यांचा व्यापार चालणारं भरभराटीचं बंदर होतं म्हणून ही धडपड. पुढे सारा वसूल करायची वेळ आली, तेव्हा तो कोणाकडून आणि कोणत्या रीतीनं घ्यायचा हे त्यांना कळेना. म्हणून १५२६ मध्ये महसुलाचा अधिकारी आफोंसो मेशिया यानं गावांच्या रूढी लिहून काढल्या. त्या दस्तऐवजाला 'फोराल' म्हणतात. कोणत्या गावानं किती भरायचं, गावकारांचे, म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचे, हक्क कोणते, जमीन कोणी कोणाला द्यायची, वारसा कसा चालतो, असं सगळं त्यात आहे. जिंकून जेमतेम सोळा वर्षं झालेली. सोळा वर्षांत दलदलीवर गावं, गावांवर गावकरी (गावाची जमीन मिळून सांभाळणारी गावकारांची संस्था) आणि गावकरीवर साऱ्याची पद्धत उभी राहत नाही. ते सगळं आधीपासून चालू होतं. पोर्तुगीजांनी ते लिहून घेतलं आणि सारा आपल्याकडे वळवला, एवढंच.

आता नाइलाजानं एक कबुली. फोरालमध्ये ओसाडपणाचा उल्लेख खरंच आहे. फार पूर्वी चार माणसं एका निर्जन बेटावर आली, त्यांनी जमीन लागवडीखाली आणली, वस्ती वाढली आणि ती माणसं गावकार म्हणवली जाऊ लागली, असं तो सांगतो. म्हणजे जमीन कधीकाळी ओसाड होती हे खरं. पण ती ओसाड राहिली नाही, आणि तिला शेत बनवणारे हात इथल्याच माणसांचे होते, हेही त्याच कागदात आहे. मेसेज लिहिणाऱ्यानं 'ओसाड' ठेवलं आणि माणसं गाळली.

त्या माणसांनी काय केलं, ते मी लहानपणापासून बघत आलेय. मांडवी आणि झुआरीत भरतीचं पाणी पार आतपर्यंत चढतं. त्या खाऱ्या पाण्याला चिखल, पेंढा आणि चिरे यांचे बांध घालून जी जमीन मिळवली, ती खाजन. बांधात लाकडी दारं असतात, त्यांना मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं दार आपोआप मिटतं, ओहोटीला आतलं पाणी ते ढकलून बाहेर पडतं. पावसाळ्याच्या सुरुवातीला जमिनीतला खार धुऊन निघाला की कोरगुटाचं भात पेरायचं, जे खारटपणा सोसतं. भात निघालं की त्याच पाण्यात मासळी आणि सुंगटां, म्हणजे कोळंबी. मानशीवरच्या मासळीचा लिलाव होतो. काही ठिकाणी मिठागरं. खेकड्यानं बांधाला भोक पाडलं आणि ते वेळीच बुजवलं नाही, तर एका उधाणात सगळ्या गावाचं पीक जातं. त्यामुळे बांध राखणं हे एकट्याचं काम कधीच नव्हतं. गावकरी उभी राहिली त्यामागे हे एक मोठं कारण आहे.

गोव्यात अशी सुमारे १८,००० हेक्टर खाजन जमीन सांगितली जाते. आणि म्हणूनच हा मुद्दा मला निव्वळ इतिहासातली चूक वाटत नाही. पावसाळ्यात पाण्याखाली असलेलं खाजन बाहेरच्या माणसाला दलदलच दिसतं. दलदल म्हटलं की तिच्यावर भराव टाकायला कोणाचं मन कचरत नाही. मानस मोडली, दुरुस्त केली नाही, खारं पाणी आत शिरलं, दोन-तीन वर्षं पीक नाही, की जमीन 'पडीक' झाली. मग प्लॉट. हे मी नात्यातल्या एका शेतात घडताना पाहिलंय. दादा, तू सहज पुढे ढकललेल्या त्या एका शब्दाचा उपयोग आज, आत्ता होतोय.

दुसरा मुद्दा, ४५१ वर्षं. १५१० ते १९६१ हे तिसवाडीपुरतं बरोबर. बारदेस आणि साष्टी १५४३ मध्ये गेली. या झाल्या जुन्या काबिजादी, म्हणजे आधी जिंकलेला मुलूख; नंतर जिंकलेला तो नव्या काबिजादी. फोंडा त्यांच्या हाती लागला १७६३ मध्ये, डिचोली आणि सत्तरी त्यानंतर, पेडणे १७८८ मध्ये. नव्या काबिजादींचं क्षेत्रफळ जुन्यांच्या कितीतरी पट. म्हणजे गोव्याच्या बहुतेक जमिनीवर पोर्तुगीज अंमल दोनशे वर्षांहून कमी होता.

आणि हे आमच्या घराला वेगळं सांगायची गरजच पडू नये. मंगेशाचं मूळ ठाणं कुशस्थळी, म्हणजे आजचं कुठ्ठाळी. सोळाव्या शतकात साष्टीतली देवळं पाडायला सुरुवात झाली, तेव्हा भक्तांनी देव उचलून झुआरीपलीकडे प्रियोळला नेला. केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला. पलीकडे का? कारण पलीकडे पोर्तुगीजांचं राज्य नव्हतं. दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर असाच नदी ओलांडून नार्व्याला आला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. आजोळाहून आम्ही तिथे किती वेळा गेलोय. अख्खा गोवा एकाच सत्तेखाली असता, तर देवांना जायला जागा उरली असती का?

तिसरा मुद्दा श्रीमंतीचा. शेवटच्या काही वर्षांत दुकानं परदेशी मालानं भरलेली होती, लोखंडाच्या खनिजाचा पैसा येत होता, हे मान्य. पण तो मोजक्यांकडे. बाकीचे पोटासाठी मुंबईला जात होते. धोबीतलावच्या आसपास गोव्याच्या गावागावांच्या 'कुडी' होत्या, जिथे खलाशी, आचारी आणि वाजंत्री दाटीवाटीनं राहायचे. श्रीमंत मुलखातली माणसं अशी गाव सोडतात का? आणि १८७८ चा करार बघा. मुरगावचं बंदर आणि रेल्वे होणार म्हणून पोर्तुगालनं गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडे दिला. करार १८९२ मध्ये संपला, पण तोवर मिठागरवाल्यांचं जे व्हायचं ते नुकसान झालं होतं. त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

'फक्त पर्यटन' हेही चूक. औषधांचे कारखाने आहेत, बंदर आहे, मासेमारी आहे. खाणी तर इतक्या होत्या की २०१२ मध्ये त्या बंद झाल्यावर अख्खे तालुके हादरले. माझ्या आजोळच्या गल्लीत ट्रक नुसते उभे होते. पर्यटनाचा वाटा मोठा आहे, पण तेवढ्यावर राज्य चालत नाही.

कायद्याचं थोडक्यात. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता इथे लागू झाली आणि आजही तिच्यातला कौटुंबिक भाग चालतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर मालमत्तेत नवरा-बायकोची निम्मी-निम्मी भागी, हे चांगलंच आहे. मिरची, काजू, १५५६ चा छापखाना, १८४२ ची वैद्यकीय शाळा, हेही त्यांच्या खात्यावर घाला, माझी हरकत नाही. पण 'सगळ्यांना एकच' म्हणू नका. १८८० च्या हुकुमानं हिंदूंच्या रूढींना वेगळी जागा दिली होती, आणि बायकोच्या ठरावीक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर हिंदू पुरुषाला दुसरी बायको करण्याची मुभा त्यातच होती. हे मेसेजमध्ये कुठे आहे?

राहिलं 'कोणी विचारलं नाही'. सत्तरीच्या राणे घराण्याची बंडं, १८ जून १९४६ ची मडगावची लोहियांची सभा, १९५५ मध्ये सीमेवर गोळ्या खाल्लेले सत्याग्रही, हे सगळं मेसेजवाल्याला दिसत नाही. आणि विचारलं गेलंच की. १६ जानेवारी १९६७ ला महाराष्ट्रात विलीन व्हायचं की वेगळं राहायचं, यावर गोव्यानं मतदान केलं आणि ३४,०२१ मतांच्या फरकानं वेगळं राहणं निवडलं. आमच्या घरात तेव्हा दोन्ही बाजूंची मतं होती. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार, त्यानं असा कौल कधी घेतला?

दादा, मेसेज काढून टाक किंवा खाली हे जोड, तू ठरव. भाचीनं मात्र पहिलं पान फाडलंय. त्या जागी ती मानशीचं चित्र काढतेय. काल रात्री पुन्हा फोन केला, दार कोणत्या बाजूला उघडतं ते विचारायला. नदीच्या बाजूला, असं सांगितलं.