पुरावा ठेवू नका, मेमरी शार्प राहते

सगळ्यात आधी अभिनंदन. तुमची स्मरणशक्ती जबरदस्त आहे. आपली ओळख नाही, पण त्याने काही बिघडत नाही, कारण आजवर मला भेटलेल्या प्रत्येक माणसाची स्मरणशक्ती जबरदस्तच निघालीये, ज्याच्या त्याच्या सांगण्यावरून. विसरभोळे असतात ते नवरे, बायका, भाऊ, ऑफिसातले लोक. आपण नाही. आता हा लौकिक शेवटपर्यंत टिकवायचा कसा एवढाच प्रश्न उरतो, आणि त्यासाठीच हे लिहितोय. नीट वाचा, लक्षात ठेवा, लिहून मात्र घेऊ नका.

थोडीशी कबुली द्यायला हरकत नाही, त्याने माणूस प्रामाणिक वाटतो. 'नावं नाही बाबा माझ्या लक्षात राहत, पण चेहरा एकदा बघितला की विषय संपला.' तुम्ही हे वाक्य म्हणत असाल तर ते अजिबात सोडू नका, सोन्यासारखं वाक्य आहे. नाव विसरलं की समोरचा हसत उभा असतो आणि तुम्ही 'काय मग, काय विशेष' करत वेळ काढत असता, म्हणजे चोरी पकडली जाते. चेहरा विसरला की काहीच होत नाही. तो माणूस तुमच्या शेजारून निघून जातो, फार तर मनात म्हणतो की काय भाव खातोय हा, आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. म्हणजे चेहऱ्यांच्या खात्यात तुमचा रेकॉर्ड कायम शंभर टक्के! सगळी मेख इथेच आहे बघा, जे विसरलं ते विसरलंय हेही आपण विसरतो, त्यामुळे हिशोबात फक्त आठवलेलंच धरलं जातं.

धोका एकाच गोष्टीचा, कागदाचा. (फोटोही त्यातच आले, आणि व्हॉट्सॲपचं सर्च.)

माझंच सांगतो. शाळेत असताना दादा एकदा स्टेजवर कविता म्हणायला उभा राहिला आणि तिसऱ्या कडव्याला अडकला. मी समोर तिसऱ्या रांगेत. आजही सगळं डोळ्यापुढे दिसतं मला, पांढरा शर्ट, गळ्याचं बटण तुटलेलं, तिथे सेफ्टी पिन, ती बहुतेक टोचत होती कारण मान सारखी डावीकडे जात होती, पडद्याआडून बाई पुढची ओळ कुजबुजतायत आणि ह्याला काही म्हणजे काही ऐकू येत नाहीये, कान लालबुंद. गेली तीस वर्षं घरात चार माणसं जमली की मी हा किस्सा नक्कल करून सांगतो, सगळे हसतात, आणि दादा दरवेळी म्हणतो, 'अरे बाळ्या, स्टेजवर तू होतास. रांगेत मी होतो.' बिचारा. विसरतो माणूस.

2001 साली जुळ्या भावंडांवरचा एक अभ्यास छापून आला होता, त्यात अशाच वादग्रस्त आठवणी निघाल्या, दोघंही ठामपणे सांगतायत की हे माझ्या बाबतीत घडलं. आमच्याकडे उलटं आहे, दोघंही ते दुसऱ्याच्या गळ्यात मारतोय. पण खात्री तेवढीच.

तर पहिला सल्ला, काहीही लिहून ठेवू नका. 'लिहायचं काय त्यात, राहील की लक्षात' असं म्हणायचं आणि वही मिटायची. हे म्हणण्यात तुम्ही एकटे नाही. 2004 साली काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना शब्दांच्या जोड्या दिल्या आणि विचारलं, किती लक्षात राहतील सांगा. कोणाला विचारलं दहा मिनिटांनी किती, कोणाला विचारलं वर्षाने किती, तर दोघांचे अंदाज जवळपास सारखेच. म्हणजे आपल्या मते दहा मिनिटं आणि एक वर्ष यात विशेष काही फरक नसतो! हा आत्मविश्वास कुठल्याही परिस्थितीत ढळू द्यायचा नाही.

तो ढळला की काय होतं याचं उदाहरण म्हणजे हर्मान एबिंगहाउस. जर्मन माणूस, सगळं मोजून बघायची खोड. निरर्थक अक्षरांच्या याद्याच्या याद्या पाठ करायच्या, थोड्या वेळाने त्याच परत पाठ करायला किती कमी वेळ लागतो ते बघायचं, सगळं स्वतःवरच, वर्षानुवर्षं. 1885 साली त्याने छापलं की तासाभरात अर्ध्याहून जास्त मेहनत वाया जाते. एवढा खटाटोप करून हाती काय लागलं, तर खाली घसरत जाणारी एक रेघ. त्यापेक्षा मोजलंच नसतं तर झोप तरी शांत लागली असती. (तुम्हाला कोणी हे ऐकवलंच तर म्हणा की ती निरर्थक अक्षरं होती, मी अर्थपूर्ण गोष्टी लक्षात ठेवतो. उत्तर अगदीच चूक पण नाहीये.)

'मोठ्या घटना कोण विसरेल' हे दुसरं हुकमी वाक्य, आणि इथे मात्र जरा जपून, कारण एका माणसाने फार खोडसाळपणा करून ठेवलाय. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर यान उड्डाणानंतर 73 सेकंदांत फुटलं, आतले सातही जण गेले. दुसऱ्याच दिवशी सकाळी अमेरिकेतल्या एमरी विद्यापीठात अल्रिक नायसर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कळली, कोणी सांगितली, तेव्हा काय करत होतात, सोबत कोण होतं. कागद कपाटात ठेवून दिले. अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या 44 जणांना परत तेच प्रश्न विचारले. 11 जणांचं सगळंच्या सगळं चुकलेलं. सात पैकी सरासरी मार्क तीनपेक्षा कमी. आणि किती खात्री आहे विचारलं तर पाच पैकी चारच्या वर! पोरांना वाटलं होतं टीव्हीवर बघितलं, कागदावर भलतंच. मग त्यांना त्यांचेच कागद दाखवले, तर 'अरे हो, आत्ता आठवलं' असं कोणी म्हणेना. एकाचं तर म्हणणं साधारण असं होतं की अक्षर माझंच आहे, पण झालं तसं नव्हतं.

ह्याला म्हणतात बाणा. स्वतःच्या हस्ताक्षरापुढेही मान तुकवायची नाही.

नायसर तरी कुठला मोठा लागून गेला होता म्हणा. त्याला स्वतःला वर्षानुवर्षं स्वच्छ आठवायचं की पर्ल हार्बरवर हल्ला झाला तेव्हा तो घरात रेडिओवर बेसबॉलची मॅच ऐकत होता आणि मध्येच बातमी आली. खूप वर्षांनी एकदा डोक्यात प्रकाश पडला की हल्ला 7 डिसेंबरचा, आणि डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. एवढी वर्षं ती मॅच त्याच्या डोक्यात सुखाने चालली होती. कॅलेंडर बघितलं नसतं तर अजून चालली असती.

आता भांडणांकडे वळू, कारण स्मरणशक्तीचा खरा उपयोग तिथेच होतो. 'मला चांगलं आठवतंय' या तीन शब्दांनी सुरुवात करायची आणि लगेच बारीकसारीक तपशील ओतायचे. त्या दिवशी पाऊस होता, तू निळा शर्ट घातला होतास, फोन टेबलावर पालथा ठेवला होतास. मुद्दा काय होता ते आठवत नसेल तरी शर्टाचा रंग सांगायचाच, ऐकणाऱ्याला वाटतं ज्याला शर्ट आठवतो त्याला बाकीचं तर आठवतच असणार. गंमत म्हणजे दोन-तीनदा सांगितलं की आपल्यालाही तसंच वाटायला लागतं, मग खोटं बोलल्याची टोचणीसुद्धा राहत नाही.

प्रश्न विचारायची पण पद्धत असते. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 साली लोकांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. गाड्या 'जोरात आदळल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी 40.8 मैल, आणि 'टेकल्या' म्हटलं तर 31.8. तसल्याच दुसऱ्या प्रयोगात आठवड्याने विचारलं, काच फुटलेली दिसली का, तर 'आदळल्या'वाल्यांपैकी साधारण एक तृतीयांश हो म्हणाले. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तेव्हा घरी 'तू दार लावून गेलास' असं कधी म्हणू नका, 'तू दार आपटून गेलास' म्हणा, आठवड्याभरात समोरच्याला बिजागरी निखळल्याचंसुद्धा आठवेल.

'मी तेव्हाच म्हणालो होतो' हेही वापरत चला, फार परिणामकारक असतं. 1972 साली अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि मॉस्कोला जाणार होते त्याआधी काही विद्यार्थ्यांकडून भाकितं घेतली होती, अमुक होईल याची शक्यता किती, तमुक होईल याची किती. दौरे उरकल्यावर त्यांना विचारलं की तुम्ही तेव्हा काय आकडे दिले होते ते आठवून सांगा. जे प्रत्यक्षात घडलं त्याची शक्यता आपण आधीच जास्त धरली होती असंच बहुतेकांना आठवलं. सगळे तेव्हाच म्हणाले होते.

मार्कांचं तर विचारूच नका. 1996 सालचा एक अभ्यास आहे, कॉलेजच्या 99 मुलांना शाळेतले ग्रेड आठवायला सांगितले आणि शाळेच्या नोंदींशी ताडून बघितले. ए ग्रेड 89 टक्के बरोबर आठवले. डी ग्रेड 29 टक्के. मेंदू असा लेकरासारखा आपली बाजू घेतो आणि आपण त्यावर संशय घेत बसायचं? घरकामाचंही तेच, नवरा-बायकोला वेगवेगळं बसवून कोण किती काम करतं ते विचारलं तर दोघांची बेरीज शंभरच्या वर जाते, हे 1979 पासून माहीत आहे. आमच्याकडे ती किती जाते ते मी लिहिणार नाही, बायको हे वाचते.

एक गोष्ट सांगू की नको असं झालंय, कारण तिच्यात चेष्टा करण्यासारखं काही नाही, पण मघाशी 'चेहरा विसरत नाही'ची एवढी तारीफ केली म्हणून सांगतो. 1984 साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात एका कॉलेजच्या विद्यार्थिनीवर बलात्कार झाला. त्या वेळीच तिने ठरवलं की ह्याचा चेहरा नीट बघून ठेवायचा, वाचले तर ह्याला सोडणार नाही. नंतर तिने फोटोंतून रोनाल्ड कॉटन नावाचा माणूस ओळखला, मग ओळख परेडमध्ये ओळखला, मग कोर्टात. पुढे 1987 मध्ये खरा गुन्हेगार तिच्यासमोर कोर्टात आणून उभा केला, तर ती म्हणाली ह्याला मी कधी पाहिलेलंच नाही. खोटं बोलत नव्हती ती. तोवर तिच्या आठवणीत कॉटनचाच चेहरा बसला होता. डीएनए तपासणी होऊन 1995 मध्ये कॉटन सुटला, जवळजवळ अकरा वर्षं काढून.

असो. आपल्या आठवणींनी कोणी जेलमध्ये जात नाही, फार तर फॅमिली ग्रुप सोडून जातं.

त्यावरून आठवलं. मागच्या महिन्यात मावशीच्या मुलीने कपाट आवरताना सापडलेल्या एका पत्राचा फोटो काढून आमच्या ग्रुपवर टाकला. आईने मावशीला लिहिलेलं पत्र, वर तारीख, अक्षर आईचंच. सुरुवातीला तब्येतपाणी, पावसाचं काहीतरी, आणि मग ही ओळ: 'धाकट्याचं बटण ऐन वेळेस तुटलं, पिन लावून पाठवला, तिसऱ्या कडव्याला अडला पण रडला नाही हो.' खाली दादाने फक्त एक अंगठा टाकला. शब्द एक नाही, नुसता अंगठा.

आता हे नायसर साहेब इथेही आडवे येतात. 1983 मध्ये त्यांनी आणि एका सहकारी बाईंनी लिहून ठेवलंय की जुन्या आठवणींत माणूस पुष्कळदा स्वतःला बाहेरून बघतो, म्हणजे समोर बसलेल्या प्रेक्षकासारखा. त्यामुळे एखाद्याला वाटू शकतं की तिसऱ्या रांगेतून मी त्या मुलाकडे बघतोय, आणि तो मुलगा निघतो आपणच. असं होत असेल काही लोकांचं. मी नाही म्हणत नाही.

पण आईचं काय असायचं, कामाच्या गडबडीत ती मला हाक मारताना आधी दादाचं नाव घ्यायची, मग जीभ चावायची. पत्र लिहिताना तसंच झालं असणार, थोरल्याच्या जागी धाकटा पडलं. एवढी साधी गोष्ट. मी तसा सविस्तर खुलासा त्याच रात्री ग्रुपवर टाकला, शर्ट, पिन, बाई, कान, सगळं क्रमाने. अंगठा काही आला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने विचारलं, तिसऱ्या रांगेतून तुला पिन दिसली कशी?

तेव्हा माझी नजरही तेवढीच शार्प होती. त्याला आठवत नसणार.