खाणीत मोबाइल न्या म्हणणारा तो मेसेज

"खाणीत अडकलात तर 112 लावा, नेटवर्क नसतानाही लागतो. चिलीचे 33 कामगार मोबाइलमुळेच वाचले. दगडातून जाणारा रेडिओ कधीच निघालाय, पण कंपन्या तो दडवतात."

हा मेसेज आत्याने भूमिगत कोळसा खाणीत काम करणाऱ्या आपल्या मुलाला पाठवला. वर ताकीद: "उद्यापासून फोन आत घेऊन जा." आता गप्प बसणं शक्य नाही.

कोळशाच्या खाणीत मिथेन असतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की एक ठिणगी पुरते. साधा फोन आपटला, बॅटरी चेपली तर ती ठिणगी तिथेच मिळेल. म्हणून आत जाणारं प्रत्येक विजेचं उपकरण, अगदी टोपीवरचा दिवासुद्धा, वायू पेटणार नाही अशा बनावटीचा आणि तपासून मंजूर केलेला लागतो. एकाच्या खिशातल्या फोनपायी अख्ख्या पाळीतल्या कामगारांचा जीव जाऊ शकतो. असे मेसेज पुढे पाठवणाऱ्यांना काहीच कसं वाटत नाही?

112 दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून लागतो, एवढं खरं. पण टॉवर तर हवा! मोबाइलच्या लहरी खडकात लगेच विरतात.

चिलीचं तर धादांत खोटं. 2010 मध्ये सॅन होजे खाणीत, सुमारे 700 मीटर खाली माणसं जिवंत आहेत हे वर 17 दिवस कुणाला ठाऊक नव्हतं. शोधासाठी पाडलेल्या भोकातून ड्रिल वर आलं, त्याला चिठ्ठी बांधलेली होती. टेलिफोन नंतर त्याच वाटेने खाली सोडला.

राहिला रेडिओ. फार कमी फ्रिक्वेन्सीच्या लहरी खडकातून जातात, हे मान्य. दडवलेलं काही नाही: 1998 मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यातल्या विलो क्रीक खाणीत आग लागली तेव्हा 'पेड' या खडकातून संदेश पाठवणाऱ्या यंत्रणेने असाच इशारा खाली पोचवला होता. पण तो एकतर्फी, मोजक्या शब्दांचा. खालून उत्तर द्यायला जोरदार ट्रान्समीटर लागतो, आणि मिथेनमुळे तेवढी ताकद देता येत नाही.

2006 मध्ये अमेरिकेतल्या सागो खाणीत 12 जणांचा जीव गेला, तेव्हा कुठे तिथे दुतर्फा बिनतारी संपर्काची सक्ती झाली. त्याआधी खर्चाची टाळाटाळ झाली, हा आरोप मी खोडणार नाही. पण कायदा करूनही 2009 मध्ये तिथल्याच नियामकाला सांगावं लागलं, की पूर्ण बिनतारी तंत्र अजून तयार नाही. म्हणून बऱ्याच खाणींत लीकी फीडरची, म्हणजे बोगद्यातून जाताना वाटेत सगळीकडे रेडिओ लहरी सोडणारी आणि पकडणारी, केबल असते. छत कोसळून ती तुटली की पलीकडचा भाग मुका. ती दोन वेगळ्या वाटांनी न्या, अशी मागणी करणारा मेसेज फिरवा की!