छोटी मोटर, मोठी टाकी : कंप्रेसरच्या त्या मेसेजला उत्तर

पारोळ्याला हायवेवर भाचा स्वतःचं वर्कशॉप टाकतोय. ट्रॉलीचं फॅब्रिकेशन, रंगकाम आणि जोडीला थोडं टायरचं काम. त्याला कंप्रेसर, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारी मशीन लागते. परवा त्याने मोबाइल पुढे केला, "मामा, हे वाचा, मग कंप्रेसर ठरवू." मेसेज ओळखीचाच निघाला. महिनाभर तो अमळनेर, चोपडा, धरणगावच्या गॅरेजवाल्यांत फिरतोय, मलाच चार जणांकडून आला. मजकूर थोडक्यात असा:

"दुकानदार तुमच्या गळ्यात ५ एचपीचा कंप्रेसर मारतो. फसू नका. २ एचपीची मोटर घ्या, त्यावर जुन्या बाजारातली ५०० लिटरची टाकी बसवा. काम ५ एचपीचं, बिल २ एचपीचं. प्रेशर १२ किलोवर ठेवा. ऑइल गाडीचंच टाका. लाइन पीव्हीसीची करा, गंजत नाही. आपल्याकडे हवा कोरडी, फिल्टरचा खर्च वाचवा. आणि पैसे असतील तर सरळ स्क्रू कंप्रेसर घ्या, पिस्टनचे दिवस गेले."

लिहिणाऱ्याने पहिलं वाक्य खरं लिहिलंय. दुकानदार गळ्यात मारतो, हे खरंच आहे. पुढचं बहुतेक सगळं माझ्या वर्कशॉपमध्ये पैसे घालून खोटं ठरलंय.

"काम ५ एचपीचं, बिल २ एचपीचं." सगळा मेसेज या एका वाक्यावर उभा आहे, म्हणून इथे जरा थांबू. टाकी हवा तयार करत नाही, साठवते. विहिरीला झरा बारीक असेल तर विहीर कितीही रुंद खणा, उपसा झऱ्याएवढाच. २ एचपीचा साधा सिंगल-स्टेज (हवा एकाच टप्प्यात दाबणारा) कंप्रेसर प्रत्यक्षात साडेपाच-सहा सीएफएम हवा देतो, म्हणजे मिनिटाला साडेपाच-सहा घनफूट. ट्रॉलीला रंग मारायची साधी गन दहा-बारा सीएफएम खाते. ११ धरा. ५०० लिटरची टाकी ८ किलोला (किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरवरचा दाब) भरलेली आहे आणि ४ किलोच्या खाली गेली की गन नीट फवारत नाही, असं समजू. दर किलोला साधारण टाकीच्या मापाएवढी हवा, म्हणून मधल्या ४ किलोत साठा २००० लिटरचा, म्हणजे सुमारे ७० घनफूट. गन ११ घेते, मोटर साडेपाच देते, तूट साडेपाचची. ७० ला साडेपाचने भागा. तेरा मिनिटांत टाकी बसली.

मग पुढची तेरा मिनिटं गन हातात धरून उभं राहायचं. अर्धा पत्रा ओला, अर्धा कोरडा, आणि सांध्यावर रंगाची रेघ. एका ट्रॉलीला एकूण चाळीस मिनिटं गन चालत असेल, तर या जोडणीवर तेच काम सव्वा तासाच्या आसपास जातं. सकाळी रिकामी टाकी ८ किलोला न्यायला अर्धा तास जातो तो निराळा.

आता बिल. चाळीस मिनिटांच्या रंगाला ४४० घनफूट हवा लागली. २ एचपी म्हणजे दीड किलोवॅट. साडेपाच सीएफएमने तेवढी हवा करायला तो ८० मिनिटं पळणार, म्हणजे २ युनिट. ५ एचपीचा टू-स्टेज (दोन टप्प्यांत दाबणारा) १५ सीएफएम देतो. तो २९ मिनिटं पळणार, म्हणजे १.८ युनिट. मोटरमधलं नुकसान दोन्हीकडे सोडून दिलंय. बिल छोट्या मोटरचंच किंचित जास्त आलं, कारण टू-स्टेजमध्ये हवा पहिल्या सिलिंडरमधून दुसऱ्यात जाताना मधल्या नळीत थंड होते आणि तेवढी मेहनत वाचते. मंजूर भार कमी ठेवला तर स्थिर आकार कमी लागतो, एवढा मुद्दा मेसेजवाल्याला देतो.

शिवाय तो छोटा पिस्टन ८० मिनिटं विश्रांतीशिवाय पळणार. या मशीन दहा मिनिटांतली सहा-सात मिनिटं चालून बाकीची थंड व्हायला धरलेल्या असतात. मे महिन्यात, पत्र्याच्या शेडखाली, बाहेरच ४४-४५ अंश असताना ओव्हरलोड रिले (मोटरवर ताण आला की वीज तोडणारी) ट्रिप होणारच. रिले ट्रिप झाली की पोरं ती दाबून धरतात आणि आठवड्याने मोटर वाइंडिंगला जाते.

मोठी टाकी सगळीकडे चुकीची असं नाही. पंक्चरच्या दुकानात ती बरोबर आहे. तिथे दोन मिनिटं हवा आणि पंधरा मिनिटं चहा. थांबून थांबून लागणाऱ्या हवेला साठा लागतो, सलग लागणाऱ्या हवेला पंप लागतो. मेसेज लिहिणारा बहुधा टायरवाला असावा आणि त्याच्यापुरतं त्याचं खरं असावं. पण रंगवाल्याने ते वाचून खरेदीला जाऊ नये.

मेसेजवाला आणि दुकानदार, दोघंही एचपीच बोलतात. एचपी ही मोटरची ताकद. आपण विकत घेतो हवा. नेमप्लेटवर किंवा माहितीपत्रकात दोन आकडे असू शकतात: डिस्प्लेसमेंट आणि एफएडी. डिस्प्लेसमेंट म्हणजे पिस्टनने मिनिटाला किती जागा झाडली याचा हिशोब. एफएडी म्हणजे प्रत्यक्ष बाहेर आलेली हवा. पिस्टन कंप्रेसरमध्ये दुसरा आकडा पहिल्याच्या साठ-पंचाहत्तर टक्के भरतो. चांगल्या कंपन्या दोन्ही छापतात. बाकीचे मोठा छापतात आणि नुसतं "सीएफएम" लिहितात.

हे तपासायला मोबाइलमधलं घड्याळ पुरतं. भाच्याला घेऊन जळगावला एका दुकानात गेलो. ३ एचपीची मशीन, २२० लिटरची टाकी, स्टिकरवर १२ सीएफएम. मी म्हटलं, ड्रेन कॉक (टाकीच्या तळाचा नळ) उघडा, काटा शून्यावर आणा, कॉक बंद करून चालू करा. दुकानदार म्हणाला, "काय भाऊ, विश्वास नाही का?" मी म्हटलं, टाकी केवढी ते दिसतंय, ती हवा कितली देस ते पाहू दे. शून्यापासून ७ किलोवर काटा यायला ६ मिनिटं १० सेकंद लागले. २२० गुणिले ७ म्हणजे १५४० लिटर. किलो आणि वातावरणाचा दाब यातला बारीक फरक वजा करून १४९० धरा. घनफुटाला २८.३ लिटर, म्हणजे ५२.७ घनफूट. ६.१७ मिनिटांनी भागलं तर साडेआठ. स्टिकर १२, हवा साडेआठ. दुकानदाराला खोटारडा म्हणणार नाही, त्याने डिस्प्लेसमेंट छापलं होतं. पण तो शब्द छापायला तो विसरला होता.

त्याच वेळी एक आवाजही ऐकून घ्या. प्रेशर भरून मोटर बंद पडली की हेडकडच्या (सिलिंडरच्या डोक्याकडच्या) नळीतून "फुस्स" असा आवाज यायला हवा. नळीत अडकलेली हवा सुटते तो आवाज. आला नाही, तर पुढच्या वेळी मोटरला दाबाविरुद्ध उठावं लागेल. आपल्याकडे संध्याकाळी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं. २३० च्या जागी १८० आलं तर मोटरचा जोर वर्गाच्या हिशोबाने घटतो, जेमतेम एकसष्ट टक्के उरतो. मग ती नुसती हुंकार देते. ३ एचपीच्या वर थ्री फेजच घ्या.

"प्रेशर १२ किलोवर ठेवा." कशासाठी? रंगाच्या गनला दोन ते साडेतीन किलो पुरतं, हवेवर नट खोलणाऱ्या इम्पॅक्ट रेंचला सव्वासहा. दर एक किलो जादा दाबाला साधारण सहा-सात टक्के वीज जास्त जाते, आणि गळत्याही त्याच मापाने जास्त गळतात. लाइनला एक मिलिमीटरचं भोक असेल तर ७ किलोला तिथून अडीच सीएफएम निघून जातात, म्हणजे मेसेजवाल्याच्या मशीनची जवळपास निम्मी हवा. ट्रकच्या टायरला ११०-१२० पीएसआय म्हणजे पावणेआठ ते साडेआठ किलो लागतं, म्हणून हायवेवरच्या टायरवाल्याला दहाच्या आसपास ठेवावं लागतं आणि त्याला टू-स्टेजच हवी. सेफ्टी व्हॉल्व्ह उडतो म्हणून त्याचा नट आवळणारे महाभाग मी पाहिलेत. त्यांच्या दुकानात मी चहाला थांबत नाही.

"ऑइल गाडीचंच टाका." इथे मी स्वतः दोषी आहे. दोन वर्षं इंजिन ऑइल टाकत होतो. मग प्रेशर चढेना म्हणून हेड उघडलं. डिलिव्हरीच्या व्हॉल्व्ह प्लेटवर काळा कोळसा, जळक्या तव्यावर बसतो तसा, स्क्रू ड्रायव्हरने खरवडावा लागला. पत्ती नीट टेकत नव्हती, दाबलेली हवा परत सिलिंडरमध्ये येत होती, आणि हेड हात लावण्यापलीकडे तापत होतं. इंजिन ऑइलमधले घटक काजळी धरून ठेवायला असतात, तिथे ते गाळायला फिल्टर असतो. कंप्रेसरच्या क्रँककेसला फिल्टर नाही. कंप्रेसर ऑइल, १०० किंवा १५० ग्रेडचं, माझ्या मशीनला एका वेळी एक-दीड लिटर लागतं. वर्षाला दोन-तीनदा. यात वाचवून वाचवणार किती?

आता पीव्हीसी. यावर आवाज चढला तर समजून घ्या. जळगाव म्हणजे पीव्हीसी पाइपचं गाव. ज्याच्या शेतात ठिबक, त्याच्या खळ्यात पाइपचे तुकडे पडलेलेच. फुकटात मिळतो, सोल्युशनने चिकटतो, म्हणून हवेची लाइन त्याचीच केलेली डझनभर वर्कशॉप मी दाखवू शकतो. आमच्या शेजारच्या शेडमध्येही होती. "६ किलो" छापलेला पाइप, तीन वर्षं काही झालं नाही. एके दिवशी दुपारी जेवणाच्या सुट्टीत, कोणी हात लावला नसताना, एल्बोजवळ फुटला. मी बंदुकीचा आवाज समजून धावलो. पाइपचा हातभर तुकडा गायब होता, आणि त्याची एक चीप समोरच्या प्लायवूडच्या कपाटात रुतली होती, पक्कडने ओढूनही निघेना. रोज त्या जागी एक मुलगा ग्राइंडर घेऊन बसायचा. त्या दिवशी तो डबा खायला निंबाखाली गेला होता.

पाइपवर छापलेले ६ किलो पाण्याचे आहेत, तेही २७ अंश तापमान धरून. कंप्रेसरमधून निघणारी हवा त्याहून कितीतरी गरम असते, आणि गरम झालं की पीव्हीसीचा जोर उतरतो. उन्हात राहिलेला पाइप ठिसूळ होतो ते निराळंच. पाण्याने भरलेला पाइप फुटला तर पिचकारी उडते आणि दाब तिथल्या तिथे संपतो, कारण पाणी दबत नाही. ७ किलोची हवा फुटल्यावर आठपट फुगते, आणि मागून अख्खी टाकी तिला ढकलत असते. पीव्हीसी फाटत नाही, त्याच्या काचेसारख्या चिपा होतात. गंजत नाही हे खरं, पण गंजलेला जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप गळतो आणि आवाज करून सांगतो. जीआय घ्या, किंवा हवेसाठीचा होज. लाइनला शंभर फुटांना फूटभर उतार द्या, शेवटी ड्रेन ठेवा, आणि प्रत्येक नळ मुख्य लाइनच्या वरच्या बाजूने काढून खाली वळवा, म्हणजे साचलेलं पाणी गनमध्ये येत नाही.

ते पाणी येतं कुठून? "आपल्याकडे हवा कोरडी." मे महिन्यात कोरडी असते, मान्य. जुलै-ऑगस्टमध्ये ३० अंश आणि ८० टक्के दमटपणा असला की एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी असतं. १५ सीएफएमची मशीन तासाला २५ घनमीटर हवा ओढते, म्हणजे ६०० ग्रॅम पाणी. दाबून थंड झालेल्या हवेत त्यातलं शंभरेक ग्रॅमच मावतं. उरलेलं अर्धा लिटर दर तासाला टाकीत, लाइनमध्ये आणि शेवटी तुमच्या रंगात उतरतं. नव्या ट्रॉलीच्या फाळक्यावर देवीच्या व्रणासारखे खड्डे दिसले की गिऱ्हाईक रंगाच्या कंपनीला शिव्या देतं. गनआधी पाणी गाळणारा फिल्टर लावा आणि रोज संध्याकाळी ड्रेन कॉक सोडा. पावसाळ्यात एकदा बादली खाली धरून बघा, तांबूस चहासारखं पाणी निघेल. हवा ओढणारं तोंड उन्हाच्या भिंतीकडे ठेवू नका. आत येणारी हवा दर चार अंश जादा गरम असली की एक टक्का वीज जादा जाते.

तांबूस रंग म्हणजे टाकी आतून झिजतेय, आणि म्हणून जुन्या बाजारातली टाकी नको. बाहेरून कितीही रंगवली तरी गंज तळाला, आतून असतो. घ्यायचीच असेल तर पाणी भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट दाब देऊन तपासून मगच. हवा भरून तपासू नका, त्याचं कारण वर कपाटात रुतलंय.

स्क्रू कंप्रेसरबद्दल थोडक्यात. त्यात पिस्टनऐवजी एकमेकांत गुंतलेले दोन स्क्रू फिरून हवा दाबतात. दिवसभर सलग हवा खाणाऱ्या कारखान्याला स्क्रू हवाच. पाच मिनिटं चालून वीस मिनिटं बंद राहणाऱ्या वर्कशॉपात त्याचं ऑइल पुरेसं तापत नाही, त्यात पाणी राहतं आणि बेअरिंग खराब होतात. भाच्याच्या कामाला पिस्टनच बरा.

भाच्याने शेवटी ५ एचपी, थ्री फेज, टू-स्टेज, बेल्टवाली मशीन घेतली. टाकी २२० लिटरचीच. पैसे देण्याआधी त्यानेच ड्रेन कॉक उघडला, मी फक्त मोबाइल धरला. शून्य ते सात, ३ मिनिटं ३५ सेकंद. भागाकार त्याने दुकानाच्या पुठ्ठ्यावर पेनने केला. उत्तर १४.७ आलं. छापलेलं एफएडी १५ होतं.