भागाकार टाळा, डिलिव्हरीत रमा

पोलीस भरतीच्या मैदानात छाती पाच सेंटिमीटर फुगली नाही, एमपीएससीची जाहिरात पुन्हा पुढे गेली आणि घरात 'काहीतरी हातपाय हलव' हा जप सुरू झाला. हरकत नाही. तुमच्याकडे हप्त्यावरची दुचाकी आहे, लायसन्स आहे, शहराचे गल्लीबोळ पाठ आहेत. डिलिव्हरी लाइनला या. पण कुठे? पोस्टात, कुरिअर कंपनीत, कंपनीच्या वाटप केंद्रावर म्हणजे हबवर पार्सलच्या रेटने, की किराणा पोचवणाऱ्या ॲपवर? या वळणावर काही मुलं वही उघडून बसतात, चारही ठिकाणचे पगार आणि सवलती शेजारी शेजारी मांडतात. या सवयीपायी कित्येकांचा उत्साह पहिल्या पार्सलाआधीच गेला आहे. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. बेरीज चालेल. गुणाकार तर हौसेने करा. वजाबाकी आणि भागाकार मात्र या धंद्यात अपशकुनी.

सुरुवात हबपासून करू, कारण सगळ्यात मोठा आकडा तिथेच टांगलेला असतो. 'दरमहा २७,००० कमवा, आजच रुजू व्हा.' ही जाहिरात खोटी आहे असं कोण म्हणतो? समजा, पार्सलमागे १५ रुपये, दिवसाला ७० पार्सलं. झाले १,०५०. महिन्याचे २६ दिवस धरले तर २७,३००. म्हणजे जाहिरातदाराने विनयाने ३०० रुपये कमीच सांगितले. इथे पेनाला टोपण लावा आणि थेट फॉर्म भरा.

पण तुमच्या ओळखीत एखादा खवचट असतोच. तो विचारेल, पेट्रोल कोणाचं? त्याला सांगा, गाडी माझी, तर पेट्रोलही माझंच असणार. दिवसाला पन्नास किलोमीटर, प्रत्येक गेटपाशी थांबत थांबत गाडी चाळीसचा ॲव्हरेज देते, लिटरचा भाव शंभरच्या वर. दिवसाला १३० रुपये गेले, महिन्याला ३,३८०. ऑइल, ब्रेक-शू, टायर, पंक्चर, मोबाइलचं रिचार्ज मिळून आणखी दीडेक हजार धरा. गाडीचा हप्ता धरू नका, तो आई भरते.

मग तो विचारेल, ७० पार्सलं नेलीस, पण दिलीस किती? हे फार खोलात जाणं झालं. तुम्ही चौथ्या मजल्यावर चढता, बेल वाजवता, फोन लावता. आतले साहेब मीटिंगमध्ये, बाईसाहेब पार्लरमध्ये आणि शेजारच्या काकू 'आम्ही कोणाचं घेत नाही' म्हणून दार लावतात. पार्सल बॅगेत परत. चढलेल्या चार मजल्यांचे पैसे नाहीत, कारण मजला डिलिव्हर होत नसतो. लिफ्ट होती, पण तिच्यावर 'डिलिव्हरी बॉयसाठी नाही' अशी पाटी होती, आणि सर्व्हिस लिफ्ट बंद होती. सीओडीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाने दारात मोजलेल्या पैशात पाचशेची नोट खोटी निघाली तर ती तुमची. रात्री कॅश टॅली होताना शंभर कमी पडले तर तेही तुमचेच. कंपनीचं मन मोठं असतं, या बाबतीत ती स्वतःसाठी काहीच ठेवत नाही.

आता याच्यासमोर तुमचा मावसभाऊ ठेवा. एका जुन्या कुरिअर कंपनीत थेट पगारपत्रकावर आहे. ठोक पगार १८,०००, गाडीच्या पेट्रोलचे पैसे वेगळे. हातात किती येतात? १५,००० च्या मर्यादेवर १२ टक्के पीएफ, म्हणजे १,८०० कापले. ईएसआयचे, म्हणजे सरकारी कामगार विम्याचे पाऊण टक्का, १३५. प्रोफेशनल टॅक्स २००. उरले १५,८६५. कुठे २७,३०० आणि कुठे १५,८६५! लग्नाच्या पंगतीत हा मावसभाऊ तुमच्या शेजारी बसायलाही कचरेल.

तो पुटपुटेल की कंपनीही तेवढेच १,८०० त्याच्या नावे भरते, ईएसआयचे सव्वातीन टक्के, म्हणजे ५८५ रुपये, वेगळे भरते. ड्युटीवर पाय मोडला तर बरा होईपर्यंत वेतनाच्या ९० टक्के रक्कम मिळते, साधं आजारपण असेल तर वर्षात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के. बायको-मुलांनाही बिबवेवाडीच्या किंवा चिंचवडच्या ईएसआय हॉस्पिटलात दाखवता येतं. दिवाळीला बोनस, तोही कायद्याने निदान ८.३३ टक्के. पाच वर्षं टिकला तर ग्रॅच्युइटी, दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि तो काढताना महिना २६ दिवसांचा धरतात. त्याच्या पगारावर पाच वर्षांचे सुमारे ५१,९०० होतात. तुम्ही हसा. पाय मोडण्याची आशा धरून कोणी नोकरी निवडतं का? आणि तुमचा पाय मोडणारच नाही, कारण तुम्हाला मोडून परवडणार नाही.

तासांचा हिशोब तर मुळीच करू नका. हबवर सकाळी सातला बॅग स्कॅन करायला उभे राहता आणि रात्री सातला कॅश भरून मोकळे होता. बारा तास, २६ दिवस, ३१२ तास. पेट्रोल-पंक्चर वजा जाता उरलेले २२,४२० रुपये या ३१२ ने भागले तर तासाला जेमतेम ७२ पडतात. मावसभाऊ नऊ तास, म्हणजे महिन्याला २३४ तास. त्याचे १८,००० आणि त्यावर कंपनीचे २,३८५ धरून भागले तर तासाला ८७. हे गणित मी केलेलं नाही. ते आपोआप झालं, तुम्ही विसरून जा.

याच कारणासाठी तासाचा भाव जाहीर करणाऱ्या कंपन्यांवर माझा राग आहे. २०१९ साली ॲमेझॉनने भारतात स्वतःच्या गाडीने पार्सलं पोचवायचं 'फ्लेक्स' आणलं तेव्हा तासाला १२० ते १४० रुपये असं उघड सांगितलं होतं. गाडी आणि पेट्रोल तुमचं हे खरं, पण तास हा शब्द कानावर पडला की माणूस घड्याळाकडे बघू लागतो. त्यापेक्षा ऑर्डरमागचा रेट किती निरागस! तो वाढतो कधी, घटतो कधी, कळतही नाही. एप्रिल २०२३ मध्ये किराणा पोचवणाऱ्या ब्लिंकिटने दिल्ली परिसरात ऑर्डरमागचा मूळ दर २५ वरून १५ वर आणला, तेव्हा रायडर काम बंद करून बसले. गणित येत असल्याचा हा थेट दुष्परिणाम.

ॲपचा खरा आनंद इन्सेंटिव्हमध्ये आहे. पंचवीस ऑर्डर पूर्ण केल्यात तर अमुक रुपये जादा. बाविसाव्या ऑर्डरपर्यंत फोन टुणटुणत असतो, मग एकदम गप्प होतो. तुम्ही डार्क स्टोअरच्या, म्हणजे ॲपच्या किराणा गोदामाच्या बाहेर कट्ट्यावर बसता, लॉगआउट करवत नाही, बिडीसुद्धा अर्धीच ओढता, न जाणो ऑर्डर पडली तर. त्या वाट बघण्याचे पैसे नसतात, पण जुगाराच्या क्लबात बसायचेही पैसे कोणी देत नाही, उलट घेतात. पाऊस पडला की सर्ज, म्हणजे चढा रेट मिळतो. मुंबईत जुलैमध्ये गुडघाभर पाण्यात गाडी ढकलत नेताना हे लक्षात ठेवा, म्हणजे थंडी वाजणार नाही.

अपघात विमा तर पाच-दहा लाखांचा असतो, वाटेल तेवढा मोठा. बऱ्याच ठिकाणी अट एवढीच, की आपटताना ॲप चालू असावं. तेव्हा घसरायचं झालंच तर ऑर्डर हातात असताना घसरा, शेवटची ऑर्डर देऊन घरी परतताना नको. तुमच्या गाडीचा स्वतःचा विमा आहे म्हणता? तो पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीचा आहे. धंद्यासाठी वापरली म्हणून क्लेम नाकारायला विमा कंपनीला तुमच्या पाठीवरची बॅग पुरते.

आता पोस्ट. त्या दिशेला न बघितलेलंच बरं, पण कोणी विचारलं तर उत्तर हवं म्हणून सांगतो. आपल्या डोळ्यांसमोरचा पोस्टमन म्हणजे खाकी कपडे, दिवाळीच्या पोस्ताला दारात उभा राहणारा बिचारा. या बिचाऱ्याचं मूळ वेतन २१,७०० पासून सुरू होतं. त्यावर जुलै २०२५ च्या दराने ५८ टक्के महागाई भत्ता, पुण्या-मुंबईत ३० टक्के घरभाडं. झाले ४०,७९६, शिवाय एनपीएस या पेन्शन खात्यात सरकारचे १४ टक्के वेगळे. पण यात थरार कुठे आहे? दर महिन्याला तोच पगार, त्याच तारखेला, पाऊस पडो न पडो. आजारी पडला तर रजा, तीही भरपगारी. अशाने माणसातली जिद्दच मरते. त्यातून या जागा थोड्या आणि परीक्षा द्यावी लागते, म्हणजे पुन्हा गणित आलंच.

त्याचाच गावाकडचा भाऊ म्हणजे ग्रामीण डाक सेवक. परीक्षा नाही, दहावीच्या टक्क्यांवर निवड, आणि यादीत नव्वदीच्या वरचे टक्के. तुमच्या पस्तीस टक्क्यांना तिथे वाव नाही. चार तासांच्या कामाला १०,००० मूळ भत्ता, वर त्याच दराने महागाई, म्हणजे १५,८००. शंभर-सव्वाशे तासांत एवढे, म्हणजे तासाला दीडशेच्या आसपास. अरेरे, पुन्हा भागाकार झाला. चार तासांचं काम चार तासांत संपतं असं मानणारा माणूस कधी कुठल्याच खात्यात नव्हता, त्यामुळे या दीडशेवरही फार जळू नका. शिवाय त्या भरतीच्या जाहिरातीत अट असते की उमेदवाराकडे उपजीविकेचं दुसरं साधन असावं. नोकरी मिळवण्यासाठी आधी पोटापाण्याची सोय दाखवायची, इतकी प्रामाणिक जाहिरात मी दुसरी पाहिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्येच ही 'सिव्हिल पोस्ट' असल्याचं सांगितलं, तरी नियमित सरकारी नोकराची पेन्शन काही मिळाली नाही. सायकलचा भत्ता मात्र आहे. पोस्टमनचा तो सरकारने २०१७ मध्ये दुप्पट केला. महिन्याला ९० चे १८० रुपये.

अमेरिकेतल्या मंडळींचं तर बोलूच नका. तिथे यूपीएस या पार्सल कंपनीच्या ड्रायव्हरांनी २०२३ मध्ये संपाची तारीख दाखवून करार करून घेतला. पाच वर्षांच्या कराराअखेर पूर्णवेळ ड्रायव्हरचा सरासरी वरचा दर तासाला ४९ डॉलर, आणि २०२४ पासून घेतलेल्या नव्या गाड्यांना एसी. गाडीत गार वारा यावा म्हणून यांना युनियन लागते! आपण स्प्लेंडरवर बसतो, वारा चारही बाजूंनी फुकट.

सरकारचं लक्ष नाही असं मात्र म्हणू नका. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० साली मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागूही झाली. फक्त पाच वर्षं लागली. ॲप चालवणाऱ्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के कामगारांच्या निधीत टाकायचे, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांहून जास्त नाही. त्या निधीतून तुम्हाला काय मिळेल ते योजना आली की कळेल. तोवर ई-श्रम या सरकारी कामगार पोर्टलवर नोंदणी करून कार्ड पाकिटात ठेवा, गेटवरच्या वॉचमनला दाखवायला उपयोगी पडतं.

इथे एखादा म्हातारा कामगार पुढारी मध्येच तोंड घालील. म्हणेल, अरे, हे तर आम्ही १९६९ मध्ये केलं होतं. मशीद बंदरच्या, भायखळ्याच्या बाजारात हमालाला एक मालक नव्हता. आज या व्यापाऱ्याची गोणी, उद्या त्याची. तरी अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून माथाडी कायदा झाला. मंडळं आली, मजुरीवर मालकाने भरायची लेव्ही बसली, मालक शंभर असले तरी पीएफ, ग्रॅच्युइटी आणि भरपगारी रजा एकाच खात्यात जमू लागल्या. तेही मोबाइल नसताना, जाडजूड रजिस्टरांत. या आजोबांना चहा पाजा आणि वाटेला लावा. चार ॲप एका फोनमध्ये असणाऱ्या मुलाच्या रजेचा हिशोब ठेवणं आजच्या तंत्रज्ञानाला झेपणार नाही हे त्यांना कोण समजावणार? त्याच तंत्रज्ञानाला तुम्ही सिग्नलला किती सेकंद थांबलात ते मात्र कळतं.

शेवटचा मुद्दा स्थळांचा. मुलीचे वडील पगाराची स्लिप मागतील. मावसभाऊ पंधरा हजारांची स्लिप काढून दाखवील, बँकही त्यावर कर्ज देईल. तुम्ही दिवाळी सेलच्या आठवड्याचा स्क्रीनशॉट दाखवा. आठवड्याचे ११,००० दिसतात, त्याला चारने गुणा. (गुणाकार चालतो, सांगितलं होतं.) नोकरी काय विचारलं तर 'लॉजिस्टिक्समध्ये आहे' म्हणा. आणि परमनंट का, असं विचारलं तर पाणी मागा.

तर फॉर्म भरा, उद्याच भरा. शेवटच्या पानावर 'आमच्याबद्दल कोणी सांगितलं?' असा एक रकाना असतो, तिथे माझा रेफरल कोड टाकायला विसरू नका. तुमची पहिली शंभर पार्सलं झाली की मला दीड हजार मिळतात. तेवढी शंभर होईपर्यंत पाय सांभाळा.