अलोहात ८२ टक्के पॅकेट वाया जात नाहीत

इंदूरच्या आपल्या इंजिनिअरिंगच्या मुलांच्या ग्रुपांवर एक संदेश फिरतोय: ‘अलोहा टाकाऊ आहे, त्यात ८२ टक्के पॅकेट वाया जातात. आधी चॅनेल ऐकलं की टक्कर होत नाही. आणि प्रत्येकाला वेळ वाटून दिली की प्रश्नच मिटला.’ मुलं हे परीक्षेत जसंच्या तसं उतरवतील, म्हणून लिहायला बसलो. अलोहा म्हणजे एकच रेडिओ चॅनेल अनेकांनी वापरायची साधी पद्धत: माहितीचा तुकडा, म्हणजे पॅकेट, तयार झालं की कोणाचं न ऐकता पाठवायचं; दोघांची पॅकेट एकाच वेळी आली तर टक्कर होऊन दोन्ही बिघडतात, मग थोडं थांबून पुन्हा पाठवायची.

८२ हा आकडा १०० मधून १८ वजा करून काढलेला आहे. नॉर्मन अब्रामसन यांच्या हवाई विद्यापीठातल्या गटाने १९७१ मध्ये अलोहा सुरू केलं. या साध्या अलोहात चॅनेलचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ यशस्वी पॅकेटांना लाभतो, हे खरं. पण ही कमाल ज्या भारावर, म्हणजे पॅकेटांच्या गर्दीवर, गाठली जाते, तिथेही चॅनेल सुमारे ६१ टक्के वेळ रिकामंच असतं. रिकामा वेळ म्हणजे मेलेली पॅकेट नव्हेत! भार हलका असला तर चित्र आणखी बदलतं. समजा, सुदामानगरात पाण्याचे १,००० मीटर आहेत आणि प्रत्येक जण तासातून एकदा, मनाला येईल तेव्हा, ५० मिलिसेकंदांचं पॅकेट पाठवतो. हिशेब मांडून पाहा: पहिल्याच खेपेला सुमारे ९७ टक्के पॅकेट सुखरूप पोचतात.

ऐकून बोलण्याचा फायदा मोठा आहे, पण तुम्ही ऐकता ते तुमच्या जागेवरून. इंदूरजवळच्या रालामंडल डोंगराच्या माथ्यावर रिसीव्हर ठेवला आणि पायथ्याशी दोन बाजूंना दोन रेडिओ सेट, तर मध्ये डोंगर असल्याने त्यांना एकमेकांचा आवाज येणार नाही. दोघांनाही चॅनेल मोकळं वाटेल, आणि टक्कर माथ्यावर होईल. लपलेल्या स्टेशनाची ही अडचण टोबागी आणि क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्येच मांडली होती.

वेळ वाटून देणं भरगच्च, सततच्या वाहतुकीला उत्तमच. तिथे अलोहा कोसळतं, यात वाद नाही. पण त्याच मीटरांचं घ्या. घड्याळाचा स्फटिक दशलक्षात २० इतका चुकला, तरी तासाभरात ७२ मिलिसेकंदांचा फरक पडतो, म्हणजे पॅकेटच्या लांबीपेक्षा जास्त. घड्याळं जुळवत राहायची तर रिसीव्हर वारंवार चालू करावा लागतो आणि बॅटरी उतरते.

शिवाय नव्याने आलेल्याने आपली वेळ मागायची कशी? जीएसएम (टू-जी) फोन हे मागणं एका सामायिक चॅनेलवर ठराविक खाचांच्या अलोहानेच, म्हणजे ठरलेल्या क्षणांनाच पॅकेट सुरू करता येतं अशा अलोहाने, करतो. दोघांची मागणी आदळली, तर थोडं थांबून पुन्हा करतो. त्याच्या नावाची वेळ त्यानंतर मिळते.