राग ऐकवून डिमेन्शिया बरा होत नाही, तरीही गाणं सोडू नका

सांगली-मिरजेच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो आधी भावकीच्या ग्रुपवर आला, मग सोसायटीच्या, मग आईच्या जुन्या भजनी मंडळाच्या. मजकूर थोडक्यात असा: रोज पहाटे अर्धा तास शास्त्रीय राग ऐकवला की तीन महिन्यांत डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) बरा होतो, मेंदूतल्या मेलेल्या पेशी पुन्हा जिवंत होतात, परदेशात हे सिद्ध झालंय, म्हणून गोळ्या बंद करा आणि दिवसभर घरात संगीत चालू ठेवा. खाली हात जोडून विनंती, 'आईवडिलांवर प्रेम असेल तर पुढे पाठवा.'

आई माझ्याकडे मिरजेत असते. तिला हा आजार होऊन सहा वर्षं झाली. आमच्या गावात सतारी-तंबोरे घडतात, थोर गायक खाँसाहेब अब्दुल करीम खाँ इथे राहिले, त्यामुळे सुरांबद्दल कुणी काही सांगितलं की आमचा विश्वास पटकन बसतो. माझाही बसला होता. म्हणून एकेक मुद्दा घेते.

'बरा होतो.' नाही होत. डिमेन्शियाच्या रुग्णांपैकी 60 ते 70 टक्क्यांना अल्झायमर असतो आणि त्यात गेलेल्या पेशी परत आणणारं औषध आज कुणाकडेच नाही, गाणंही नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय संशोधन एकत्र करून पडताळणारी आंतरराष्ट्रीय संस्था. संगीतोपचारांच्या 22 चाचण्या एकत्र तपासणारा तिचा आढावा 2018 मध्ये आला. किमान पाच सत्रांनंतर रुग्णांची उदासी बहुधा कमी होते, वागण्यातल्या तक्रारी एकूण कमी होतात, मन थोडं बरं राहतं, असं त्यात दिसलं. स्मरणशक्ती आणि आकलनात मात्र फारसा फरक दिसला नाही. उदासी कमी होणं ही लहान गोष्ट नाही. दिवेलागणीला 'मला घरी सोडा' म्हणत दाराशी उभी राहणारी आई ज्यांनी पाहिलीय, त्यांना ते वेगळं सांगायला नको.

'परदेशात सिद्ध झालंय.' असल्या मेसेजांचं मूळ पुष्कळदा 1993 च्या एका प्रयोगात सापडतं. त्यात मोझार्टची रचना दहा मिनिटं ऐकलेल्या कॉलेजच्या मुलांना आकृत्यांची कोडी थोडी बरी सुटली आणि तो परिणाम पंधरा मिनिटांतच ओसरला. तरुण, निरोगी मुलं होती ती. म्हाताऱ्या माणसांच्या आजाराशी त्याचा संबंध नाही.

'शास्त्रीय रागच हवा.' इथे मी थांबणार आहे, कारण हे आम्ही घरात करून पाहिलं. भाऊ सांगलीतल्या विश्रामबागेतून रोज सकाळी स्पीकर घेऊन यायचा. पहिल्याच दिवशी आलाप सुरू झाला आणि आई ताटातला हात तसाच धरून म्हणाली, "कोण रडतंय गं? कोण गेलं?" तासगावकडच्या खेड्यात जात्यावर आणि देवळात वाढलेली बाई ती. आलाप तिच्या आयुष्यात कधी नव्हताच. भाऊ मात्र नेटानं लावत राहिला आणि अर्धा तास झाला की तिला विचारायचा, "आई, आज वार कोणता? मी कोण?" रोजची परीक्षा आणि रोज नापास. पुढं पुढं स्पीकर दिसला की ती पदर तोंडावर घ्यायची. तीन महिने संपले, भाऊ म्हणाला, "काही उपयोग नाही," आणि घरातलं गाणंच बंद झालं.

मला त्या मेसेजचा सगळ्यात जास्त राग येतो तो इथेच.

पुढं कवठेमहांकाळहून मावशी आली. आईच्या गुडघ्याला गुडघा लावून शेंगा फोडत बसली आणि सहज एक ओवी म्हणाली. दुसरी ओळ आईनं उचलली. तिसरी दोघींनी मिळून. आईचा उजवा हात फरशीवर गोल फिरायला लागला, मूठ खुंट्याला धरावी तशी वळलेली. वीसेक मिनिटं दोघी दळत होत्या. मग आई थांबली, मावशीकडे नीट बघून विचारलं, "तुम्ही कुठल्या वो?"

म्हणजे 'गाणं आठवलं, आता माणसंही आठवतील' हेही खरं नाही. 2015 साली जर्मनीतल्या लायपझिगच्या संशोधकांनी दाखवलं, की फार जुनी ओळखीची गाणी ऐकताना मेंदूचा जो भाग जागा होतो, त्याची झीज अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानानं कमी होते. ओवी शाबूत राहते आणि बहिणीचं नाव जातं, ते यामुळे असू शकतं. पण मावशी हसली, म्हणाली, "तुझ्याच गावची की गं," आणि पुढची ओवी धरली. तिला परीक्षा घ्यायचीच नव्हती.

'गोळ्या बंद करा.' अजिबात नको. गोळ्यांनीही आजार जात नाही, पण मनानं एकदम थांबवल्या तर माणूस झपाट्यानं खालावू शकतो. आणि विसरणं वाढलंय म्हणजे डिमेन्शियाच, असंही नसतं. बी-12 ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यांवर इलाज आहेत. तपासणी चुकवून पहाटे राग लावत बसलात तर तेवढा वेळ वाया जातो. कानही तपासून घ्या. ऐकूच येत नसेल तर कसलं गाणं!

'दिवसभर चालू ठेवा.' सततच्या आवाजानं ही माणसं थकतात, चिडतात. आमच्याकडे आता गाणं ठरलेल्या वेळीच असतं. आंघोळीला आई फार विरोध करायची. आता पहिला तांब्या ओतायच्या आधी मी हरिपाठ सुरू करते, पुढचं ती म्हणते आणि तेवढ्यात डोकं धुऊन होतं. काही दिवस तेही चालत नाही. मग अंग पुसून घ्यायचं.

भावकीच्या ग्रुपवर मी हे सगळं लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, की तुमच्या आईला लग्नाआधी कोणती गाणी येत होती ते तिच्या बहिणीला, मैत्रिणीला आत्ताच विचारून ठेवा. माझी मावशी 72 वर्षांची आहे. आईला यायच्या त्यातल्या बऱ्याच ओव्या आता फक्त तिच्याकडे उरल्यात. येत्या रविवारी वही घेऊन मी कवठ्याला जातेय.